आरशाकडे पाठ असलेली खुर्ची

सोमवार, ३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. वहिनीला नमस्कार सांग. पिल्लूला माझ्याकडून एक पापा आणि एक धपाटा दे. धपाटा कशाबद्दल ते तिला बरोबर माहीत आहे.

पाकीट बघून दचकू नकोस, इकडे सगळे ठणठणीत आहेत. फोनवर आपलं बोलणं कसं होतं ते तुला ठाऊक आहे. तू जेवत असतोस, वहिनी मागून कसलीतरी आठवण करून देत असते, पिल्लू फोन ओढत असते आणि त्या गडबडीत तू विचारतोस, "काय गं, रविवार कसा चाललाय?" मी म्हणते, "मस्त." तू म्हणतोस, "वा." झालं आपलं बोलणं. आज दुकानाला सुट्टी आहे, काचा घासायचं मशीन गप्प आहे, तेव्हा म्हटलं दादाला सविस्तर लिहावं.

दुकान बरं चाललंय. परवा एक गृहस्थ आले आणि म्हणाले, हल्ली पेपरची छपाई फार बिघडली आहे. चष्मा हातात घेऊन बघितला तर तो बायकोचा निघाला. किती दिवस नवरा-बायको एकमेकांचे चष्मे लावून फिरत होते आणि दोघंही जगाला नावं ठेवत होते. मावशीचा मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झकास झालं, फक्त आता तिला माझ्या घरातली धूळ दिसायला लागली आहे. इतकी वर्षं वॉर्डात नर्स होती, त्यामुळे दिसली धूळ की लगेच माझी पेशी.

तपासणीच्या खोलीला रंग दिला. खोली लांबीला अपुरी म्हणून तू अक्षरांचा तक्ता खुर्चीच्या मागे टांगून समोर आरसा लावून दिला होतास, तो आरसा रंगासाठी उतरवावा लागला. परत लावायला बोलका आला होता. नवीन माणसाला अजून कळत नाही की दिवसभर मुकाट बस चालवणाऱ्या या माणसाचं नाव आपण बोलका का ठेवलं. "पूर्वीसारखाच पुढे झुकवून लावतो," एवढं म्हणाला. इतकं लांब वाक्य त्याच्या तोंडून मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

त्याच दिवशी एका गिऱ्हाईक बाईंना टेबलावर वीस बाजूंचा फासा दिसला. हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं, आम्ही रविवारी दुपारी याच खोलीत गोष्ट खेळतो. एकजण गोष्ट चालवतो, त्याला सूत्रधार म्हणायचं. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र होतात आणि आपलं पात्र काय करतं ते सांगतात. जमलं की नाही ते फासे ठरवतात आणि फाशांनी काय सांगितलं ते नियम ठरवतात. बाईंनी विचारलं, "जिंकतं कोण?" मी म्हटलं, कुणीच नाही. "मग खेळता कशाला?" तोवर त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली होती.

तू तिकडे राहायला गेल्यावर सूत्रधार कुणी व्हायचं यावर बरीच चर्चा झाली. गणिताच्या बाई म्हणाल्या, मला पेपर तपासायचे असतात. मावशी म्हणाली, मी तिकडे बसले तर माझी चोरटी कोण खेळणार? बोलका काही म्हणालाच नाही. उरले मी. माझ्या पात्राला, त्या धनुर्धारी पोरीला, आजारी पाडलं आणि तुझ्या खुर्चीवर जाऊन बसले. तू स्वतः लिहिलेली नियमांची फाइल डाव्या हाताला, फासे झाकायचा पुठ्ठ्याचा आडोसा समोर, सगळं तू ठेवायचास तसंच ठेवलं. सुरुवात दणक्यात झाली. जंगलातला प्रवास होता, लांडगे होते. सगळ्यांच्या लक्षात राहील असा रविवार झाला. बाकी काय, छान चाललंय.

तब्येतीला जप. लिफ्ट तपासायला उन्हातान्हात गच्च्यांवर चढतोस तेव्हा डोक्यावर काहीतरी घालत जा.

तुझी
धाकटी

ता. क. तुझ्या नियमांनी तीन पात्रांना तीन लांडगे म्हणजे सोपं की अवघड? सहज विचारतेय.


सोमवार, २४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. एका ताज्या कलमाला चार पानं उत्तर आणि वर लांडग्याची आकृती. तुझ्या ऑफिसात सध्या लिफ्ट बंद पडत नाहीत वाटतं.

तू लिहिलंस की तीन लांडगे म्हणजे अगदी किरकोळ, नवख्यांनाही झेपतील. मग आता सांगूनच टाकते. सगळे मेले.

सगळे म्हणजे सगळे. चहा यायच्या आधीच. बाईंचा जादूगार पहिल्याच झेपेत गेला, मंत्राचं पहिलं अक्षर तोंडात असताना. बोलक्याचा पहारेदार चिलखतासकट फाडला. मावशीची चोरटी झाडावर चढली, तर फांदीवरच्या वजनाचा तुझा तक्ता आडवा आला. चोरटी अधिक पिशवी अधिक मागच्या गोष्टीतला चांदीचा दिवा, एवढ्याने फांदी मोडली. मी पानोपानी शोधत होते की कुठेतरी माझं चुकलं असेल. बाईंनी सगळी बेरीज-वजाबाकी पुन्हा करून पाहिली आणि बरोबर म्हणून खूण केली. रक्त किती गेलं त्याचा तक्ता मावशीने वाचला आणि कौतुकाने म्हणाली, "दादाने अभ्यास केलाय हं. इतकं गेल्यावर माणूस बोलत नाही, खरं आहे."

पुढच्या रविवारी तोच प्रवास पुन्हा मांडला आणि लांडगे दोन केले. दोनांनीही तेच केलं. मग एकच ठेवला, तोही लंगडा. त्या रविवारनंतर मी फाइल मिटली. वरच्या फळीवर नीट गुंडाळून ठेवली आहे, तात्पुरती.

रागावू नकोस. मी काय केलं ते नीट ऐक, म्हणजे तुला पटेल.

बाजारात इतक्या तऱ्हेची नियमपुस्तकं मिळतात हे मला माहीतच नव्हतं. आपण जन्मभर घरचंच जेवलेलो. खेळांच्या दुकानात विचारलं, कोणतं चांगलं? तर जो तो आपण खेळतो तेच चांगलं म्हणून सांगतो. तेव्हा माझ्या लक्षात आलं, हे तर माझ्याकडे रोज येतं. "माझ्या जावेला या चष्म्याने फार छान दिसतं, मला तोच द्या," असं म्हणणारी माणसं मी रोज परत पाठवते. चांगली काच म्हणून काही नसतं, तुमच्या डोळ्यांना लागणारी काच असते. मग म्हटलं, नंबर काढतो तसाच काढू. तक्ता एकच ठेवायचा, फक्त काच बदलायची, आणि प्रत्येक वेळी विचारायचं, आधीचं बरं की हे?

म्हणून गोष्ट एकच ठेवली. एक पूल, त्यावर आडमुठा पहारेकरी, पलीकडे वैद्य, अलीकडे आजारी घोडा. दर रविवारी हाच पूल ओलांडायचा, फक्त पुस्तक वेगळं. पुस्तकं बाईंनी त्यांच्या पुतण्याकडून आणि शहरातल्या एका क्लबातून आणली.

पहिलं पुस्तक इतकं जाड की घोड्याच्या नालापासून राजाच्या ताजापर्यंत प्रत्येकाचा तक्ता. नकाशावर चौकोन आखायचे, सोंगट्या मांडायच्या. बोलका खूश. तासभर त्याने सोंगटी अशी काही वळवून वळवून नेली की मला त्याची बस आठवली. बाई मात्र तिसऱ्या बेरजेला पेन खाली ठेवून म्हणाल्या, "मी आठवडाभर हेच करते हो. रविवारी नको ना." तुला आश्चर्य वाटेल, दादा. आपण समजत होतो बाईंना तुझे हिशोब आवडतात. त्या बिचाऱ्या तुझ्या आदराखातर करत होत्या.

दुसरं अगदी चोपडं, आठ पानी. फासे जवळपास नाहीतच, आळीपाळीने गोष्ट सांगायची. मावशीने पहारेकऱ्याच्या लग्नापासून सुरू केलं ते अंधार पडला तरी पुलापाशी पोचलीच नाही. बोलक्यावर पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "घोडा बरा झाला," आणि संपवलं. तिसऱ्यात पात्रांना भीती साठत जाते आणि हळूहळू डोकं फिरतं. मावशीने अर्ध्यावर पुस्तक मिटलं. "अशी माणसं मी पाहिलीत. त्यांना हसवायचं असतं, त्यांच्याशी खेळायचं नसतं," म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपला.

चौथ्या पुस्तकात दोनच फासे. जास्त पडले तर काम होतं. कमी पडले तर होत नाही. मधलं पडलं तर होतं, पण काहीतरी गमवावं लागतं. बाईंच्या जादूगाराला मधलं पडलं, तर मी म्हटलं, पहारेकरी झोपला, पण तुमचा आवाजही त्याच्याबरोबर झोपला, उद्यापर्यंत बोलता येणार नाही. बाई एकदम पुढे सरकून बसल्या. सगळा वेळ खाणाखुणा करून बोलत होत्या आणि बोलका, आपला बोलका, त्यांच्या खुणांचा अर्थ सगळ्यांना सांगत होता. दादा, तो सलग बोलत होता.

मी विचारलं, आधीचं बरं की हे? तिघंही एकदम म्हणाले, हे.

तुझे नियम वाईट आहेत असं कुणीच म्हटलेलं नाही, मी म्हणू देणारही नाही. ते तुझ्या नंबराची काच आहेत, एवढंच. तू दोर बघितलास की तुला त्यावर किती किलो चढवता येतील ते दिसतं. आम्हाला दोराच्या टोकाला कोण लोंबकळतंय ते दिसतं.

या पुस्तकात आणखी एक गंमत आहे. सूत्रधार फासे टाकतच नाही. फासे फक्त खेळणारे टाकतात, सगळ्यांसमोर. पुठ्ठ्याचा आडोसा लागतच नाही. त्याबद्दल नंतर कधीतरी लिहीन.

वहिनीची कंबर कशी आहे? तिला सांग, उशी पाठीला लावायची, पोटाशी नाही.

तुझी
धाकटी


सोमवार, २८ एप्रिल

प्रिय दादा,

माझ्या एवढ्या लांब पत्राला तू तीन ओळी धाडल्यास. "सुट्टी मंजूर झाली. मे महिन्यात येतोय. रविवारी मी चालवतो, फाइल काढून ठेव आणि लांडगे कसे चालवायचे ते बघ." वाचून आधी आनंदाने उडीच मारली, कारण तू येतोयस. खोली तयार आहे, पिल्लूसाठी खिडकीजवळची जागा ठेवली आहे, मावशीने उशांचे अभ्रे धुवायला घेतलेत. मग ते पत्र खिशात घालून आठवडाभर फिरले. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवतानाही खिशात कागद वाजायचा.

तर आता ऐक. मागच्या पत्रात मी लंगड्या लांडग्याचा रविवार अर्धाच सांगितला.

त्या दिवशी मावशीची चोरटी पुन्हा मरायला टेकली होती. मी आडोशामागे लांडग्याचा फासा टाकला, अठरा पडले. अठरा म्हणजे खेळ खलास. मावशी माझ्याकडे असं बघत होती की माझ्याने राहवेना. मी म्हटलं, "चार. हुकला."

"अठरा," बोलका म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याने हनुवटीने माझ्या डोक्याच्या वर दाखवलं. "आरशात दिसतात."

मी वळून बघितलं. दादा, तुझी खुर्ची आरशाखाली, आरशाकडे पाठ करून. आरसा पुढे झुकवलेला, तो तूच झुकवलास, तक्ता पेशंटच्या नजरेला यावा म्हणून. टेबलाजवळ बसणाऱ्याला त्यात छत दिसतं. पण बोलका कायम दारापाशी बसतो, पाय पसरायला. तिथून आडोशामागचं सगळं टेबल दिसतं. आणि दिवसभर तीन-तीन आरशांत बघून बस चालवणाऱ्या माणसाची नजर आरशाकडे जाणार नाही तर कुठे जाणार?

मावशीने हळूच विचारलं, "दादाचेही दिसायचे?"

त्याने आधी आरशाकडे बघितलं. मग होकाराची मान हलवली. मावशीने तिथल्या तिथे त्याची उलटतपासणी सुरू केली, वॉर्डात औषधं मोजायची तशी. "तिजोरीच्या खोलीतलं कुलूप?" "खोटं." "दरबारात वेश पालटून गेले ते?" "खोटं." "राजवाड्याच्या छपरावरची उडी?" त्याने आठवून पाहिलं. "ती खरी होती." मावशीने सुस्कारा टाकला. बाईंनी त्यांच्या जादूगाराचं एकही विचारलं नाही. त्या आकड्यांच्या बाई आहेत, त्यांनी मनातल्या मनात उत्तर काढलं असावं.

मग मावशी म्हणाली, "आणि विहिरीतला दोर?"

बोलका खाली वाकून चपलेचा पट्टा लावायला लागला, आणि दुसऱ्या कुणी पुन्हा विचारलं नाही.

तुला तो रविवार आठवत असेलच. मावशीला एकटी टाकून काका जाऊन आठवडाही झाला नव्हता. मावशी येणार नाही असं आपण धरून चाललो होतो, तर ती वेळेवर येऊन आपल्या जागी बसली, आणि म्हणाली, चला, कुठे होतो आपण. आपण विहिरीत होतो. तिची चोरटी जुन्या दोराला लोंबकळत होती. तू फासा टाकलास, आडोशामागे बराच वेळ बघत राहिलास आणि म्हणालास, "टिकला दोर." परवा मी तो हिशोब तुझ्या तक्त्याने करून पाहिला. तुझ्या नियमांप्रमाणे तो दोर टिकणं शक्यच नव्हतं. लिफ्टचे दोर तपासून सही करणारा माझा भाऊ, एक किलो इकडचं तिकडे होऊ न देणारा, माझ्या मावशीसाठी धडधडीत खोटं बोलला.

मला रडू आलं, दादा. मग रागही आला. आम्ही एवढी वर्षं समजत होतो की तुझे नियम फार छान आहेत. नियम नव्हतेच छान, तू छान होतास. तुझ्या फायलीत आम्ही दर रविवारी मरत होतो आणि तू आम्हाला दर रविवारी ओढून बाहेर काढत होतास, एक अक्षर न बोलता. आणि जाताना ती फाइल माझ्या हातात दिलीस, आणि जे खरं चालायचं ते सांगायला विसरलास. का विसरलास तेही मला कळतं. सांगितलं असतंस तर मागचं सगळंच गेलं असतं.

मावशी मात्र त्या दिवशी चहा न घेताच घरी गेली. जाताना चष्मा काढून पुसत म्हणाली, "मला वाटायचं मला जमतं." ते मला फार लागलं.

दोन दिवसांनी दुकानात आली, फडकं घेऊन काउंटर पुसायला लागली. पुसता पुसताच बोलली. "दोर खोटा होता ते बरं झालं बाई. त्या आठवड्यात आणखी एक मरण मला झेपलं नसतं. दादाला ते कळलं, त्याचं भलं होवो. पण आता नको गं. आता मी बरी आहे. आता मला पडू दे."

नवीन पुस्तक निवडलं ते यासाठी. बाईंची बेरीज, बोलक्याचं सलग बोलणं, ते सगळं खरं आहे, पण माझ्यापुरतं निवडायचं कारण हे होतं. आडोसा माझ्या हाताशी असला तर मीही खोटं बोलेन, मी तुझीच बहीण. आडोसाच नको.

आता पुढची बातमी. मावशीची चोरटी गेली, या वेळी कायमची. मागच्या रविवारी. पुलाच्या कठड्यावरून धावताना तिने स्वतःच्या हाताने फासे टाकले, सगळ्यांसमोर, एक आणि दोन. मी तोंड उघडलं, मिटलं. काहीच करता येत नव्हतं. मावशी फाशांकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली, इतकी की बाईंनी पाणी आणून दिलं. "पडली," म्हणाली, "खरोखरची पडली." नंतर आम्ही सगळ्यांनी त्या चोरटीच्या गोष्टी सांगितल्या, आणि छपरावरच्या उडीची गोष्ट मावशीने दोनदा सांगितली. बोलका सांगतो, हल्ली त्याच्या बसमध्ये चढणाऱ्या म्हाताऱ्यांनाही ती उडी माहीत झाली आहे. आता तिने नवीन पात्र केलंय, एक निवृत्त सेनापती बाई, सगळ्यांना धूळ पुसायला लावते. ते तिला अभिनय न करता जमतं.

एवढं लिहून झालं तरी मुख्य गोष्ट राहिलीच आहे. ती फोनवर मला कधीच सांगता आली नसती.

दादा, खुर्ची मला हवी आहे.

पहिल्यांदा बसले ती नाइलाज म्हणून. आता तसं राहिलं नाही. गिऱ्हाईक यंत्रात हनुवटी टेकवून बसलेलं असतं आणि माझ्या डोक्यात पुलावरच्या पहारेकऱ्याची सासू येते. तिला आवाज कोणता द्यायचा हे मी काचा घासताना ठरवते. शनिवारी मला झोप लागत नाही, लहानपणी सहलीच्या आधी लागायची नाही तशी. मला हे येतं, दादा. तुझ्यासारखं नाही, माझ्यासारखं येतं. तू मे महिन्यात येशील, सगळे तुझ्याभोवती गोळा होतील, तू त्या खुर्चीवर बसशील आणि तासाभरात मी पुन्हा धनुर्धारी पोरगी होईन, दादाकडे तोंड करून बसलेली. तू मुद्दाम करणार नाहीस, आपोआप होईल. बाईही तुझ्या आदराखातर पुन्हा बेरजा करायला लागतील. म्हणून आधीच सांगून ठेवते. रविवार मी चालवणार. तुला वाईट वाटलं तर मला वाईट वाटेल, पण तरी मीच चालवणार.

फाइल टाकलेली नाही. आडोसाही नाही. पिल्लू मोठी झाली की तिला दोन्ही देऊ, कदाचित तिचा नंबर तुझ्यासारखाच निघेल.

आणि एक आठवून बघ. मी परवा आठवत बसले होते की एवढ्या वर्षांत तू कोण कोण झालास. लांडगे झालास, खानावळीचा मालक झालास, तीन राजे, एक बोलकी विहीर, माझ्या धनुर्धारी पोरीचा खडूस बाप आणि मावशीच्या चोरटीमागे लागलेले सगळे शिपाई. आम्हाला लागेल ते तू झालास. तुझा स्वतःचा असा एकही माणूस तू कधी खेळला नाहीस. आमच्यापैकी कुणी कधी विचारलंसुद्धा नाही.

मी विचारते. तुला कोण व्हायचंय?

येताना ठरवून ये. काही लिहून आणू नकोस, तक्ते तर मुळीच नकोत, फक्त तो कोण आहे आणि त्याला काय हवंय एवढं सांग, बाकी पाच मिनिटांत होतं. जागा दारापाशी आहे, बोलक्याच्या शेजारी. तो पाय आवरून बसायला तयार झालाय, यावरून तुझी किती वाट बघतोय ते समज. तिथून तुला आरशात माझ्यासमोरचं सगळं टेबल दिसेल. बघ हवं तेवढं, लपवायला काही नाही. फासे तू टाकायचेस, सगळ्यांसमोर. दोर असला तर तो खरा असेल, आणि तो टिकला तर तुझ्यामुळे टिकेल.

वहिनीला आणि पिल्लूला प्रेम. गाडीची वेळ कळव, बोलका घ्यायला येईल.

तुला पडू देणारी
तुझी धाकटी